एक दार की दोन?

३१ जानेवारी २०२६, शनिवार

प्रिय एनॉस,

सकाळी सहाला पारा शून्याखाली चौदा फॅरनहाइट, वारा वायव्येचा, मागच्या पडवीतला नळ गोठलेला. पत्र हवेनं सुरू करायची आपल्या घरची सवय माझी सुटली नाही. बाकी बऱ्याच सुटल्या, त्या तुला ठाऊक आहेत.

कामाचंच लिहिते. गेल्या ऑक्टोबरात माझे शेजारी ऑर्लिन फोसम तुझ्या कारखान्यातून एक दार घेऊन गेले. ते दार त्यांच्या घराला नाही, माझ्या घराला बसलं आहे. पैसे माझे, नाव त्यांचं. वाळीत टाकलेल्या बहिणीच्या हातून तुला काही घेता येत नाही, तिनं कुठंतरी ठेवलेली वस्तू तेवढी उचलता येते, हा नियम मी विसरलेले नाही. बाप्तिस्म्याच्या वेळी गुडघे टेकून पंथ न सोडण्याचं वचन दिलं आणि ते मोडून नर्स व्हायला निघून गेले, त्याला या वसंतात अकरा वर्षं होतील. तेव्हा तुझ्याकडून दार घ्यायचं तर मध्ये कुणीतरी इंग्रज हवा. आपल्या आमिश लोकांच्या लेखी बाहेरचे सगळे इंग्रजच, ऑर्लिनचे आजोबा नॉर्वेहून आलेले असले तरी.

आता अडचण ऐक. घरातली ऊब बाहेर जाऊ न देणारं दार बसवलं की सरकार प्राप्तिकरात थोडी सूट देतं. गेलं वर्ष या सवलतीचं शेवटचं. मी माझा कर स्वतःच कॉम्प्युटरवर भरते, त्यासाठी एक सॉफ्टवेअर मिळतं. ते एकेक प्रश्न विचारत जातं, आपण उत्तरं द्यायची. लग्न झालंय का? नाही. मुलं? नाही. तुमच्यावर कुणी अवलंबून आहे का? नाही. इतकी नन्नाची उत्तरं एका दमात द्यायची म्हणजे माणसाचं डोकं तसंही ठिकाणावर राहत नाही. मग दाराचा प्रश्न आला आणि तिथं गाडी रुतली. दार बनवणाऱ्याचा चार अक्षरांचा कोड घाला म्हणे. यंदापासून तो नियम आहे. घातल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही, वरती लाल पट्टी येते: ‘दाराच्या नोंदीत चूक आहे.’

तो कोड तुझ्याकडे असेल तर कळव. चार अक्षरं लिहायला एवढासा कागद पुरेल.

दुसरं, दाराबद्दलच. ऑर्लिननी साधं, सरळ, एकसंध दार सांगितलं होतं. तू पाठवलंस ते कमरेशी आडवं कापलेलं. वरचं अर्धं वेगळं उघडतं, खालचं वेगळं, आणि खालच्या अर्ध्याच्या डोक्यावर हातभर रुंद फळी. घोड्यानं तबेल्यातून मान बाहेर काढावी तसं दिसतं. त्या फळीत माझ्या कोटाचा खिसा रोज अडकतो, मागच्या मंगळवारी फाटला. ऑर्लिन शपथेवर सांगतात की त्यांनी असं काही मागितलं नव्हतं. दुसऱ्या कुणाची ऑर्डर आमच्या गळ्यात बांधलीस का?

तुला पत्र लिहायचं म्हणून मी हे निमित्त काढलेलं नाही, एवढं आधीच सांगून ठेवते.

एल्वा


१५ फेब्रुवारी, रविवार

प्रिय एनॉस,

काल दिवसभर बर्फ, आज लख्ख ऊन. छपरावरून पागोळ्या चालू आहेत.

पंधरा दिवस झाले. तुझं उत्तर नाही. माझं घर तुझ्यापासून एकोणीस मैलांवर आहे, पत्र जायला दोन दिवस, यायला दोन दिवस. उरलेले अकरा दिवस तू काय करत होतास?

मी मात्र स्वस्थ बसले नाही. शुक्रवारी सॉफ्टवेअरवाल्यांच्या मदतीच्या नंबरावर फोन केला. पन्नास मिनिटं तेच ते संगीत ऐकवल्यावर एक मुलगी आली. नाव ब्रिआना, आवाज गोड.

“मॅडम, सोपं आहे. बनवणाऱ्याला फोन करा नि कोड विचारा.”

“त्याच्याकडे फोन नाही.”

“बरं, मग ईमेल करा.”

“त्याच्याकडे वीज नाही.”

“म्हणजे आज गेलीये का?”

“आज नाही गेली. कधी आलीच नाही.”

मग अगदी हळू, आजारी माणसाशी बोलावं तसं तिनं विचारलं, “मॅडम, हे दार कुठल्या देशातून आलंय?”

मी म्हटलं, “एकोणीस मैलांवरून, बाई. माझ्या भावाच्या घरून.”

“अय्या, भाऊच आहे का? मग एवढं काय, जाऊन विचारा ना!”

तिला काय सांगायचं? की आमच्या आमिश पंथात वीज, फोन, मोटार सगळंच वर्ज्य, आणि त्यातून मी वाळीतली? सांगायला बसले असते तर तिची पाळी संपून दुसरी मुलगी आली असती. मी आभार मानून फोन ठेवला.

शिवाय नवीन भानगड. सॉफ्टवेअर विचारतं, दारं किती? मी ‘एक’ घातलं तर एका दाराला मिळते तेवढीच सूट दाखवतं. तुझं दार दोन तुकड्यांचं, म्हणून गंमत म्हणून ‘दोन’ घालून पाहिलं, तर दोन कोड मागायला लागलं. एकाचा पत्ता नाही तिथं दोन कुठून आणू? मी काम करते त्या वृद्धाश्रमात जेवणाच्या सुट्टीत मी हे सांगितलं तर सगळ्याजणी पोट धरून हसल्या. मला हसू येत नव्हतं. एक दार की दोन, याचं उत्तर मला खरंच माहीत नाही. ज्यानं केलं त्यालाच माहीत.

तुम्ही सगळे ठीक असाल. मॅटीवहिनीला नमस्कार सांग. केंटकीला व्हर्ना आणि मिसूरीला एमॉस ठीक असतील. आपल्या भावंडांच्या पत्रांचं फेरीचं पाकीट अजून घरोघर फिरतं का, ते मी विचारत नाही.

एल्वा


१ मार्च, रविवार

एनॉस,

हवा कशी आहे ते खिडकीतून बघ, तुझ्याकडे नि माझ्याकडे एकच आहे.

परवा मी एक उद्योग केला. तुझं नाव इंग्रजीत बरोबर चार अक्षरांचं. कोडाच्या चौकटी चार. म्हटलं, दार बनवणारा कोण, हेच विचारतायत ना? मग खोटं काय त्यात? घातलं तुझं नाव. सॉफ्टवेअरनं मुकाट्यानं गिळलं! लाल पट्टी गेली, हिरवी खूण आली, पुढचं पान उघडलं. मी आनंदानं उठून कॉफी केली. विवरणपत्र पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी सरकारच्या यंत्रानं ते सगळंच्या सगळं परत धाडलं. कारण काय, तर ‘या नावाचा उत्पादक आमच्या यादीत नाही.’

मी ते वाक्य किती वेळा वाचलं ते विचारू नकोस. यादीत नसणं म्हणजे काय, ते मला कुणी शिकवायला नको. पण तू? तुझ्या हातची दारं या परगण्यात निम्म्या घरांना आहेत. डॅट गेल्यावर वडिलोपार्जित कारखाना तू एकट्यानं उभा ठेवलास. तुला यादीबाहेर काढणारे हे कोण टिकोजीराव? मी त्या पडद्याशी चक्क भांडले. आवाज ऐकून ऑर्लिन कुंपणापलीकडून आले.

“पोरी, किती मिळणार आहेत त्या दाराचे?”

“अडीचशे डॉलर.”

त्यांनी तिथंच पाकीट काढलं. “हे घे अडीचशे. ते यंत्र बंद कर आणि जरा झोप काढ.”

“पैशांचा प्रश्न नाहीये, ऑर्लिन.”

“ते मला जानेवारीपासून माहीत आहे,” ते म्हणाले. “तुलाच केव्हा कळतंय ते बघत होतो.”

मोठे आले शहाणे! मी त्यांना कॉफीसुद्धा विचारली नाही. मग त्यांनीच जाता जाता सांगितलं की गुरुवारी तुला नेहमीसारखं गाडीतून लाकडाच्या वखारीत नेलं तेव्हा माझं पत्र तुझ्या टोपीत होतं. दोन्ही पत्रं टोपीतच असतात म्हणे. टपालपेटीजवळ उभ्यानं वाचतोस, घडी करून टोपीत ठेवतोस आणि टोपी डोक्यावर.

टोपीत ठेवायला वेळ आहे, लिहायला नाही? वाळीत टाकलेल्याला पत्र लिहू नये असा नियम आपल्यात नाही, मला सगळे नियम पाठ आहेत. टपाल म्हणजे काही हात नव्हे. तेव्हा नियमाच्या आड लपू नकोस.

सोबत पोस्टकार्ड जोडलं आहे. त्यावर माझा पत्ता घातला आहे, तिकीट लावलं आहे, चार चौकटी आखल्या आहेत. पेन्सिल तुझ्या कानावर असतेच. कोड असला तर चौकटी भर. नसला तर ‘नाही’ लिही. याहून सोपं मला करता येत नाही.

एल्वा


१५ मार्च, रविवार

एनॉस,

कार्ड पोचलं. चारही चौकटी कोऱ्या. मागे तुझ्या हातचं, पेन्सिलीनं, एक ओळ:

‘वरचं दार खालच्याला घासतंय का?’

बस्स. खाली सहीसुद्धा नाही.

अकरा वर्षांनी माझ्या भावाचं अक्षर मी पाहिलं, आणि त्यात काय, तर दार घासतंय का! मी स्वयंपाकघरात उभी राहून मोठ्यानं ओरडले. मग खुर्चीवर बसले. मग उठून दाराशी गेले आणि वरचं अर्धं दहा वेळा उघडलं, दहा वेळा लावलं.

नाही, घासत नाही. कुठंही घासत नाही. ऐन थंडीत लाकूड आखडतं तेव्हाही फट पडली नाही. मेणबत्ती धरून पाहिलं, ज्योत हलत नाही. मी पाहिलेलं हे सगळ्यात चांगलं दार आहे, आणि हे मला तुला सांगायचं नव्हतं. पण शाईनं लिहून झालं, आता खोडत नाही.

दुकानात कोड असलेली दारं होती, एनॉस. पट्टी चिकटवलेली, कागदपत्रांसकट. दुकानदार मागं लागला होता, सवलत हवी तर हेच घ्या म्हणून. मला तुझ्या हातचं हवं होतं. झालं? आता तरी लिही. दाराबद्दल लिहू नकोस. वासराबद्दल लिही, गवताबद्दल लिही, मॅटीच्या गुडघ्यांबद्दल लिही. एक पानभर लिही.

एल्वा


२९ मार्च, रविवार

प्रिय एनॉस,

काल पहिल्यांदा पन्नासच्या वर गेला पारा. ओढ्याकाठी बर्फ राहिलंय, बाकी सगळीकडे चिखल.

ऑर्लिन काल आले होते. त्यांनी तुला गाडीत सरळच विचारलं म्हणे, “बहिणीला दोन ओळी लिहायला तुझं काय जातं रे?” तू रस्त्याकडे बघत म्हणालास, “मी एकदा पाठवलं होतं. ते अजून तिच्याकडेच आहे.”

ऑर्लिनना काही उमगलं नाही. ते मला विचारायला लागले, काय आहे गं तुझ्याकडे? मी म्हटलं, काही नाही. ते गेल्यावर शिंकाळ्यासारखं लटकून बसलं ते वाक्य डोक्यात.

तेव्हा आता लिहितेच. दोन महिने तुला नको नको ते बोलले, मूग गिळून बसलास म्हणून दोष दिला. आधी माझं खोटं निस्तरायला हवं.

मी गेले त्या वर्षीच्या ऑक्टोबरात तू फेरीचं पाकीट मला पाठवलंस. कुणाला न विचारता पाठवलं असणार, तुझी मान त्यासाठी खाली गेली असती. वर पत्ता तुझ्या हातचा. आत व्हर्नाचं पत्र, एमॉसचं, तुझं आणि आईचं, आपल्या मामचं. मी बाहेर पडलेय, वाळीत आहे, याचा एका शब्दानं उल्लेख नाही. व्हर्नानं टोमॅटो किती बरण्या झाले ते लिहिलं होतं. तू डाग असलेल्या कालवडीबद्दल. मामनं हवेबद्दल चार ओळी आणि सोबत एक कोरा कागद, घडी घालून. वरती पेन्सिलीनं ‘एल्वा’ लिहिलेला.

त्या कोऱ्या कागदाचाच मला राग आला, एनॉस. माम रागावली असती, रडली असती, परत ये म्हणाली असती तर मी फाडफाड उत्तर दिलं असतं. माझ्याकडे उत्तरं तयार होती, किती रात्री घोकली होती. पण कोऱ्या कागदाला काय उत्तर द्यायचं? मी म्हटलं, उद्या लिहू. मग परीक्षा आली. मग नाताळ आला. पुढच्या वसंतात म्हटलं, आता इतके महिने झाले, काय तोंडानं पाठवू? वर्ष झाल्यावर तर ते पाकीट टॉवेलांच्या खाली सरकवलं. घर तीनदा बदललं, तीनही वेळा ते टॉवेलांच्याच खाली.

फेरीचा नियम मला माहीत आहे: आपलं जुनं पत्र काढायचं, नवं घालायचं, पाकीट पुढं धाडायचं. ज्याच्याकडे पाकीट अडकलं त्याला विचारायचं नसतं, वाट बघायची असते. त्याच्या घरी आजारपण असेल, सुगी असेल. तुम्ही वाट बघत राहिलात. तू दुसरं पाकीट सुरू केलं नाहीस. मी सगळ्यांना सांगत फिरले की अकरा वर्षांत मला घरून एक ओळ आली नाही. ओळी होत्या. त्यांच्यावर मी टॉवेल रचून ठेवले होते.

दोन वर्षांनी माम गेली तेव्हा मी दफनभूमीच्या रस्त्याला गाडी लावून बसले होते. तुला दिसले असेन. बग्ग्यांच्या रांगेत एक निळी मोटार लपत नाही. तेव्हा पाकीट माझ्या मांडीवर होतं. उतरायचं आणि तुझ्यासमोर ठेवायचं, एवढंच करायचं होतं. मी इंजिन चालू केलं.

कोड नको. तो अर्ज गेला खड्ड्यात. मला माफ करता येईल का ते बघ. नाही जमलं तरी मी समजेन, पण मग तसं लिही. तेवढं लिही.

तुझी बहीण,
एल्वा


११ एप्रिल, शनिवार

प्रिय व्हर्ना, प्रिय एमॉस, आणि एनॉस,

सकाळी सहाला पारा एकोणचाळीस, वारा नाही, कुंपणावर लालछातीचे पक्षी. हा कागद कडांना पिवळा पडलेला दिसेल, वर पेन्सिलीनं माझं नाव दिसेल, त्याची हकीकत एनॉस तुम्हाला सांगेल. मी परवाची सांगते. एनॉसला ती माहीत आहे, पण तो तुम्हाला तीन ओळींत उरकून टाकेल, म्हणून मीच लिहिते.

परवा गुरुवारी मला सुट्टी होती. दहाच्या सुमाराला ऑर्लिनची गाडी वाजली. दार ठोठावलं गेलं, तेही वरच्या अर्ध्यावर. मी ते उघडलं. बाहेर एनॉस. दाढी पांढरी व्हायला लागलीये, एमॉस, तुझ्याआधी त्याचीच झाली असेल. एका हातात पाणसळ, एका हातात रंधा, कानावर पेन्सिल. ऑर्लिन गाडीतच बसून राहिले आणि वर्तमानपत्र उलटं धरून वाचत होते.

तो दारालाच बोलला.

“कुठं घासतंय?”

“कुठंच नाही. मी लिहिलं होतं ना.”

त्यानं ऐकून घेतलं नाही. बिजागऱ्या पाहिल्या, पाणसळ लावली, खिशातून कागदाची पट्टी काढून फटीत सगळीकडून फिरवली. पट्टी कुठंच शिरेना. मग रंधा खाली ठेवला.

“चांगलं आहे दार.”

“माहीत आहे मला.”

“मग पाच पत्रं?” तो म्हणाला. “चांगल्या दारासाठी कुणी पाच पत्रं लिहीत नाही, एल्वा. डॅट म्हणायचे, गिऱ्हाईक दोनदा लिहील तर जाऊन बघ. तू पाचदा लिहिलंस.”

“मला कोड हवा होता.”

“तसलं काही नाही आमच्याकडे. पहिलं पत्र आलं त्याच दिवशी मॅटीला सांगितलं, तिला कळव, कोड नाही म्हणून. मॅटी म्हणाली, तिला ठाऊक आहे ते.”

मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. मी आत पळाले. टॉवेल खाली पडले तसेच टाकून पाकीट घेऊन आले, आणि अकरा वर्षांचा नियम क्षणात विसरून त्याच्यासमोर हात लांब केला.

त्याचा हात हलला नाही. खाली होता तसाच राहिला. माझा हात तसाच हवेत. मला वाटलं, संपलं. आता हा वळेल, गाडीत बसेल, आणि मी मरेपर्यंत हा हात असाच लांब करून उभी राहीन.

त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. तो माझ्या कोटाचा खिसा फाडणाऱ्या त्या फळीकडे पाहत होता.

“ती त्यासाठीच आहे,” तो म्हणाला.

मी पाकीट फळीवर ठेवलं. हात मागे घेतला. मग त्यानं ते उचललं.

व्हर्ना, मी सबंध हिवाळाभर त्या फळीला शिव्या देत होते.

“तुला माहीत होतं?” मी विचारलं. “दार माझ्यासाठी आहे हे?”

“ऑर्लिनच्या घराला सहा वर्षांपूर्वी मीच दार केलंय. त्यांना दुसरं कशाला हवं?” तो म्हणाला. “आणि ऑर्लिनना खोटं बोलताना खोकला येतो. ऑर्डर देताना सबंध वेळ खोकत होते.”

गाडीतून खोकल्याचा आवाज आला.

मी कॉफी केली, कप फळीवर ठेवला, त्यानं उचलला. तो बाहेर, मी आत, खालचं अर्धं दार लावलेलं, वरचं उघडं. त्यानं पाकीट उघडलं आणि रीतीप्रमाणे आपलं जुनं पत्र बाहेर काढलं. उभ्यानं वाचलं. “त्या कालवडीच्या नातीसुद्धा आता दूध देतात,” म्हणाला. मग टोपी काढली. टोपीत माझी पाचही पत्रं होती, आणि त्यांच्या खाली एक नवीन, दोन पानांचं, त्याच्या अक्षरातलं. ते त्यानं पाकिटात सरकवलं आणि पाकीट पुन्हा फळीवर ठेवलं.

“तुझी पाळी,” तो म्हणाला.

“आणि मामचं?” मी विचारलं. “तिचं जुनं कुणी काढायचं?”

त्यानं कप ठेवला. म्हणाला, “राहू दे आतच. फिरू दे.”

तो गेल्यावर मी दार लावलं नाही. वरचं अर्धं दुपारभर उघडं होतं आणि घरातली सगळी ऊब बाहेर जात होती, जी राखण्याबद्दल मला सरकारकडून सूट हवी होती. संध्याकाळी कॉम्प्युटर उघडून सॉफ्टवेअरला सांगितलं की दाराची नोंद काढून टाक. त्यानं दोनदा विचारलं, नक्की का? मी दोनदा ‘हो’ म्हटलं. लाल पट्टी गेली. सगळं बरोबर आहे म्हणे आता, आणि पडद्यावर रंगीत कागदांचा पाऊस पडला. पाडू दे बापड्याला.

व्हर्ना, पाकीट आता तुझ्याकडे येतंय. एमॉस, मग तुझ्याकडे. तुमची अकरा वर्षांपूर्वीची पत्रं आत आहेत, टोमॅटोच्या बरण्यांसकट. ती काढून घ्या आणि नवीन घाला. मामच्या चार ओळी असतील तिथं असू द्या. माझ्याजवळ लिहायला पुष्कळ आहे, पण तिनं एकच कागद ठेवला होता आणि तो मला नीट भरायचा होता.

एक विनंती. मोठ्यांचा नियम मोडतेय, पण मोडण्यात मी जुनीच आहे. पुन्हा कधी पाकीट माझ्याकडे अडकलं, तर वाट बघत बसू नका. विचारा.

तुमची,
एल्वा